रामगड आणि राळेगण

आमच्या धर्मग्रामाचा सण जवळ आला की सणसमितीच्या बैठकीत दरवर्षी एखादी नवी टूम निघते. यंदाची टूम अशी की, सणाच्या आदल्या रात्री चर्चच्या पटांगणात मोठा पडदा उभारून 'शोले' दाखवावा. ही सूचना तरुणांची असेल असे वाचकांना वाटेल, परंतु ती आली पन्नाशी-साठी ओलांडलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांकडून. तरुण मंडळी मोबाइलमध्ये मान घालून बसली होती, त्यांना या विषयाचे सोयरसुतक नव्हते. "फादर, ते दिवसच वेगळे होते, तेव्हाचे नट म्हणजे नट होते," असे एक जण गहिवरून म्हणाले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. १५ ऑगस्ट २०२५ रोजी त्या चित्रपटाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात धर्मेंद्र गेले. तेव्हापासून आमच्या भागातील प्रत्येक घरगुती व्हॉट्सॲप गटात घोडे, बंदुका आणि हळहळ यांचा पूर आलेला आहे. बैठकीत विरोधात बोलणारा मी एकटाच होतो आणि खरे सांगायचे तर मला नीट बोलताही आले नाही. जे तेथे बोलता आले नाही ते येथे लिहून काढतो.

पापनिवेदन ऐकणे हे माझे नित्याचे काम. आज थोडे स्वतःचे करतो. मीही त्या चित्रपटाचा भक्त होतो. माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे पारनेर तालुक्यातील एका वाडीत झाला. वडील मिशनचे मास्तर. आठवड्यातून तीन वाड्यांवर सायकलने जाऊन धर्मशिक्षण देणारे, मितभाषी आणि सिनेमाच्या पूर्ण विरोधात. १९८० च्या सुमारास यात्रेत आलेल्या तंबूच्या टॉकीजमध्ये चुलत्याने मला चोरून नेले. बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू यांमध्ये कनात, खाली माती, पाठीमागे डिझेल इंजिनाची धडधड. ती प्रिंट किती गावे फिरून आली होती देव जाणे! पडद्यावर सारखा पाऊस पडत होता. आमच्या तालुक्यात पाऊस पडलेला मी प्रथम तेथेच भरपूर पाहिला. शेवटचे रीळ काही केल्या चालेना, तुटायचे, जोडायचे, पुन्हा तुटायचे. अखेर तंबूवाल्याने दिवे लावले आणि लोकांना घरी पाठवले. त्यामुळे गब्बरसिंगाचे पुढे काय झाले हे मला चांगली चार-पाच वर्षे ठाऊक नव्हते. शेजारच्या लग्नघरी त्याच्या संवादांची कॅसेट कर्ण्यावर लागे, ती मला पाठ होती. स्तोत्रसंहिता अजून झाली नव्हती. सेमिनरीत आल्यावर एका गोव्याच्या सहाध्यायाने शेवट सांगितला तेव्हा मनावरचे ओझे उतरल्यासारखे झाले.

हे सांगण्याचे कारण एवढेच की, मी जे बोलणार आहे ते बाहेरच्या माणसाचे बोलणे नव्हे.

या हळहळीचे मूळ पाहायचे तर थोडे दूर जावे लागेल, कारण तो चित्रपट आपला असला तरी त्याचे घोडे परदेशातून आलेले आहेत. अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पोहोचली तेव्हा तिच्यावर सर्वांत लोकप्रिय ठरल्या त्या 'वेस्टर्न' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मालिका. क्लेटन मूरचा मुखवटेधारी 'लोन रेंजर' १९४९ पासून, जेम्स आर्नेसचा मार्शल असलेली 'गनस्मोक' १९५५ पासून, लॉर्न ग्रीन यांची 'बोनान्झा' १९५९ पासून. 'गनस्मोक'चे ६३५ भाग झाले आणि ती वीस वर्षे चालली. ज्या काळावर ती आधारलेली होती, टेक्सासहून गुरांचे कळप उत्तरेकडे हाकत नेण्याचा तो प्रत्यक्ष काळही वीसेक वर्षांचाच. म्हणजे घडलेल्या गोष्टीइतकेच वय तिच्या सोंगाला लाभले. तिकडचे वृद्ध आजही त्या मालिकांचे जुने भाग पुनःपुन्हा पाहतात, काही वाहिन्या त्यावरच चालतात. परदेशी गेलेला आमच्याच धर्मग्रामातील एक मुलगा सांगत होता की, तो ज्या वृद्धाश्रमात काम करतो तेथे दुपारी तीन वाजता सर्व खुर्च्या त्या एका पडद्याकडे वळतात.

'रॉहाइड' या अशाच मालिकेतील क्लिंट ईस्टवूड हा नट इटलीला गेला आणि सर्जिओ लिओनीच्या चित्रपटांचा नायक झाला. लिओनीने पहिली कथा उचलली ती जपानच्या कुरोसावाची. कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'वरूनच अमेरिकेने १९६० मध्ये 'द मॅग्निफिसेंट सेव्हन' काढला. ही सर्व वरात फिरत फिरत बंगळूरजवळच्या रामनगरला पोहोचली आणि तेथील खडकांत 'शोले'चे रामगड उभे राहिले. ठाकूरच्या कुटुंबाचे हत्याकांड लिओनीच्या १९६८ च्या चित्रपटातील हत्याकांडाशी किती मिळतेजुळते आहे, हे जाणकारांनी अनेकदा दाखवून दिले आहे. वाटेत एक मुक्काम आपल्याकडेही होता. १९७१ च्या 'मेरा गाव मेरा देश'मध्ये डाकू जब्बारसिंग होता आणि एक हात गमावलेला म्हातारा सैनिक होता. तो सैनिक रंगवला जयंत यांनी, म्हणजे गब्बरसिंग झालेल्या अमजद खानच्या वडिलांनी! उसनवारीला माझा आक्षेप नाही, कथा उसन्याच असतात. पण प्रवासात एक गोष्ट गळून पडली आणि माझे सारे भांडण त्या गळालेल्या गोष्टीशी आहे.

कुरोसावाच्या चित्रपटात शेतकरी सामुराईंना भाकरीच्या मोलावर बोलावतात खरे, पण मग स्वतः बांबूचे भाले घेऊन रांगेत उभे राहतात, खंदक खणतात, कुंपण घालतात, मरतात. शेवटी वाचलेला वयस्क सामुराई कबूल करतो की, विजय झाला तो शेतकऱ्यांचा, आपला नव्हे. चित्रपट संपतो तेव्हा ते भातलावणी करीत असतात. रामगडात पाहा. डाकूंची माणसे येतात, गावकरी मुकाट्याने धान्याची पोती काढून देतात. ठाकूर भाडोत्री शूर आणतो, गावकरी पाहतात. शूर लढतात, गावकरी पाहतात. मधे एकदा गाव हलते ते कशासाठी, तर त्या दोघांना डाकूच्या स्वाधीन करून आपली सुटका करून घ्यावी म्हणून. त्या प्रसंगी जो माणूस गावाला लाज आणतो तो आंधळा इमाम. ज्याचा तरुण मुलगा नुकताच मारला गेला आहे, तोच पुढे होऊन सांगतो की, मला आणखी मुलगे का दिले नाहीत असे मी देवाला विचारीन. ए. के. हनगल यांनी ते काम केले. आमच्या धंद्यातला एकच माणूस त्या चित्रपटात आहे आणि मला वाटते, पूर्ण उभा असलेला गावकरीही तोच. त्याची नक्कल मात्र मी आजवर कोणत्याही स्नेहसंमेलनात पाहिलेली नाही.

आठवण तरी आपण कोणाची काढतो? नटांची. अमिताभ, धर्मेंद्र, संजीवकुमार, अमजद खान ही नावे मुलांनाही पाठ आहेत. त्या चित्रपटाला फिल्मफेअरचे एकच पारितोषिक मिळाले, संकलनाचे, आणि ते मिळाले मा. स. शिंदे या मराठी माणसाला. लांबच्या लांब चित्रीकरणातून जी गती त्याने काढली तिच्यावर ही सारी कीर्ती उभी आहे. २०१२ मध्ये ते वारले. आयुष्याच्या अखेरीस मुंबईत अगदी साध्या परिस्थितीत दिवस काढत होते. रामगड ज्यांनी उभारले ते कलादिग्दर्शक राम येडेकर मराठीच. कालिया झालेले विजू खोटे मराठीच, आणि त्यांच्या वाट्याला आले काय, तर गब्बरची गोळी. सणसमितीत मी शिंदे यांचे नाव घेतले तर "कोण शिंदे?" असा प्रश्न आला. तो प्रश्न विचारणारे गृहस्थही शिंदेच होते. असो.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. 'गनस्मोक'चा शेवटचा भाग दाखवला गेला ३१ मार्च १९७५ रोजी. 'शोले' आला त्याच वर्षी १५ ऑगस्टला. आणि त्याच १९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन किसन बाबूराव हजारे नावाचा एक वाहनचालक आमच्या तालुक्यातील राळेगणसिद्धी या आपल्या गावी परत आला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात रामगडचे गावकरी पाच वर्षे रोज पोती काढून देत होते, त्याच पाच वर्षांत राळेगणची माणसे काय करीत होती हे आमच्या पारनेरकरांनी तरी विसरू नये.

त्या गावाची अवस्था रामगडपेक्षा बरी नव्हती. पर्जन्यछायेतील जमीन, पाऊस चार-पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, बहुतेक घरांत वर्षभर पुरेल एवढे धान्य नाही. दारूच्या भट्ट्या इतक्या की, यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा भट्टीत गेले. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने बांधलेला पाझर तलाव गळका. गब्बरसिंग म्हणावा असा एक माणूस मात्र तेथे नव्हता. असता तर सोपे झाले असते. शत्रू होता तो उतारावरून वाहून जाणारा पाऊस, उघडी पडलेली माती, मोकाट चरणारी गुरे आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या हातातला ग्लास. याच्यावर कोणी गोळी कशी झाडणार? तेथे देऊळ दुरुस्त झाले, गळका तलाव दुरुस्त झाला, पुरंदर तालुक्यातील विलासराव साळुंखे यांचे पाण्याचे काम पाहून आल्यावर नाले अडवले गेले, बांध पडले, झाडे लागली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री ठरली. (त्यांतील एका सूत्राबाबत माझ्या धर्मसभेचे मत निराळे आहे हे वाचक जाणतातच.) आणि गावात धान्य बँक निघाली. ज्याच्याकडे आहे त्याने घालावे, ज्याला नड आहे त्याने न्यावे, सुगीला थोडे वाढवून परत करावे. रामगडात पोती काढली जात डाकूसाठी, राळेगणात शेजाऱ्यासाठी. एकाच काळातील या दोन पोत्यांपैकी पन्नास वर्षांनी आपण पडदा लावून आठवण काढायची ती पहिल्याची?

बैठकीत माझ्यावर लगेच पलटवार झाला तो असा : "फादर, राळेगणला तरी एक हिरो होताच की!" आक्षेप बिनतोड आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे मला शोभणार नाही. होय, होता. आणि त्या हिरोने दारूड्यांना खांबाला बांधून पट्ट्याने फोडून काढले हेही खरे, त्यांनी ते कधी लपवले नाही. माझ्या मते राळेगणच्या कथेतील तेवढाच भाग वेस्टर्न आहे. तोच सर्वांत अधिक सांगितला जातो, तोच ऐकताना माणसे खूश होतात. पट्ट्याने दारू सुटत असती तर आमच्या कित्येक वाड्या केव्हाच शुद्धीवर आल्या असत्या, कारण आमच्याकडे नवऱ्यांना पट्टे कमी नाहीत आणि ते फिरतात ते दुसऱ्याच पाठीवर. जे टिकले ते नालाबांधाने आणि धान्य बँकेने टिकले. पण नालाबांधाचा पोवाडा होत नाही.

पुढे २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषण झाले तेव्हा देशभरच्या वाहिन्यांनी दिवसरात्र काय दाखवले? एक म्हातारा, एकटा, पांढरी टोपी, समोर दुष्टांचे सरकार. आम्ही पारनेरकर ते पाहताना अभिमानाने फुललो, मीही फुललो. पण त्या छायाचित्रणात राळेगणच्या दगडमातीची एकही पाटी नव्हती. ज्या गावाने एकत्र येऊन काम केले त्याचे दूरचित्रवाणीने रामगड करून टाकले : एकटा नायक, बाकी सारे टाळ्या वाजवणारे. आणि नायक एकटा असला की त्याला वर चढवणे जितके सोपे तितकेच पुढे त्याला निकालात काढणेही सोपे. आज त्यांच्याच तालुक्यातील तरुण पोरे त्यांच्यावरचे विनोद एकमेकांना पाठवतात. नायकाकडून सर्व काही अपेक्षिणारा समाज त्याला सर्व दोषही देतो, स्वतःकडे मात्र काहीच घेत नाही.

या प्रकारच्या कथांना आणखी एक गोष्ट लागते, ज्याच्याबद्दल हळहळणारे कधी बोलत नाहीत. जन्मानेच दुष्ट असलेली एक जमात लागते. अमेरिकी मालिकांत ती होती 'रेड इंडियन'. ज्यांच्या जमिनी गेल्या तेच पडद्यावर हल्लेखोर झाले, आणि मुख्य भूमिकांत बहुधा त्यांना न घेता गोऱ्यांनाच रंग फासून उभे केले जाई. 'लोन रेंजर'चा सोबती टोंटो हे काम करणारा जे सिल्व्हरहील्स हा मोहॉक जमातीचा, असा अपवाद विरळा. त्यालाही वर्षानुवर्षे मोडकीतोडकी भाषाच बोलावी लागली. आपल्याकडे काय आहे? 'शोले'त गब्बरला शस्त्रे मिळतात तेव्हा भोवती तंबू असतात भटक्यांचे आणि नाच त्यांच्याच बाईचा. तो नाच सर्वांना आठवतो, त्यात काय सुचवले आहे ते कोणाला टोचत नाही. आमच्या नगर जिल्ह्यात पारधी आहेत, भिल्ल आहेत, कैकाडी आहेत. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अशा अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही आला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती मुक्त झाल्या. कागद मुक्त झाला, नजर नाही. गावात चोरी झाली की पहिली गाडी कोणत्या वस्तीवर जाते हे मी पस्तीस वर्षे पाहत आलो आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षुकीवर पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी मोबाइलवरची अफवा, एवढाच पुरावा. तो जिल्हा आमच्याच नाशिक धर्मप्रांतात येतो. त्या आठवड्यात माझ्या एका धर्मग्रामस्थाने ती चित्रफीत मला दाखवली, मी अर्धी पाहून परत दिली. मारणारे डाकू नव्हते. शेतकरी होते, बाजाराला आलेले, मुलाबाळांची काळजी असलेले बाप होते. आपण गावाचे रक्षण करीत आहोत असे त्यांना त्या घटकेला मनापासून वाटत होते. हे 'शोले'मुळे घडले असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे मूर्खपणाचे होईल. माझे म्हणणे एवढेच की, गावाचे रक्षण म्हणजे काय याचे एकच चित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे, त्यांच्या हातून दुसरे काय घडावे? वाईट माणूस बाहेरून येतो, तो चेहऱ्यावरून ओळखू येतो आणि त्याला मारले की गोष्ट संपते, हे ते चित्र.

शेवटाविषयीही बोलले पाहिजे. मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला पायांनी चिरडून मारतो, असा शेवट होता. आणीबाणीचे दिवस, सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा दुसरा जोडला गेला. २०२५ मध्ये मूळ शेवट परत बसवलेली प्रत प्रथम इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात आणि डिसेंबरात आपल्या चित्रपटगृहांत आली. आमच्या गृहस्थांना दाखवायची आहे ती हीच. "खरा शेवट आता पाहायला मिळणार!" असे म्हणताना त्यांचे डोळे चमकत होते. आणीबाणीतील सेन्सॉरची बाजू घेण्याची पाळी माझ्यावर कधी येईल असे वाटले नव्हते. पण वाचकहो, तो जोडलेला शेवट, हेतू काही का असेना, अधिक सुसंस्कृत होता. ठाकूर हा पोलीस अधिकारी होता. कायद्याचा माणूस शेवटी कायद्यापाशी थांबतो, एवढे तरी त्यात होते. ते आज आम्हाला मिळमिळीत वाटते. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली, आमच्या बाजारपेठेत पेढेही वाटले गेले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती व्ही. एस. सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष दिला की, त्यांच्यावर ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडण्यात आल्या. त्या दिवशी परत पेढे कोणी वाटले नाहीत, खाल्लेले ओकलेही नाहीत. माझ्या तंबूतले तुटलेले रीळ मला हल्ली आठवते. काय होते ते न कळताच आम्ही घरी गेलो, कोणी मेले नाही, कोणी पकडले गेले नाही, आणि वाटेने सारे जण आपापला शेवट रचत चालले होते. माझा चुलता म्हणाला होता की, गब्बरला बहुतेक रोजगार हमीवर खडी फोडायला लावतील. इतका सुंदर शेवट सलीम-जावेद यांनाही सुचला नाही.

बंदुकीचा मोह मोठ्यांना झाला नव्हता असे नाही. ज्यांच्या नावाचा अभिमान आम्ही पारनेरकर सांगतो ते पांडुरंग महादेव बापट १८८० साली येथेच जन्मले, शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून ती देशात आणली. हेच बापट पारनेरला राहू लागल्यावर पहाटे उठून हातात झाडू घेत आणि गावाचे रस्ते झाडीत, घाण उपसत. ज्या कामासाठी गावाने काही माणसे जन्माने नेमून ठेवली होती ते काम त्या उच्चवर्णीय पदवीधराने आपल्या हाती घेतले. पुढे मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, त्यात ते सेनापती म्हणून ओळखले गेले. शेवटी तेथे त्यांनी हत्यार घेऊन आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालेच. त्यांच्या चरित्रात आगगाडीही आहे, पिस्तूलही आहे, वेस्टर्नला लागते ते सारे आहे. तरी आमच्या गावातील जुनी माणसे त्यांची आठवण सांगत ती झाडूची. माझ्या वडिलांनीही मला तीच सांगितली होती. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे रस्ते झाडण्यात गेल्या, त्यांच्या घरात त्या झाडूचा अर्थ काय होता हे मी निराळे सांगायला नको.

"फादर, करमणूक आहे, एवढे काय मनावर घेता?" असे मला कार्यवाह म्हणाले. करमणूक आहे म्हणूनच घेतो. माझी प्रवचने लोक दारातून बाहेर पडताच विसरतात, पण त्या कॅसेटमधील एक शब्द विसरलेले नाहीत. आणि नक्कल होते ती कोणाची? ठाकूरची होत नाही, गब्बरची होते. एका बिस्किटाच्या कंपनीने आपली बिस्किटे खपवण्यासाठी डाकूच निवडला, तेही लहान मुलांसाठी! आमच्या तालुक्याच्या रस्त्यांवर वाढदिवसाचे फलक पाहा. मिसरूड न फुटलेली पोरे काळा चष्मा लावून, कोणी 'किंग', कोणी 'भाईंचा भाई'. पलीकडे पुण्यात पोरे कोयते नाचवून चित्रफिती काढतात, आमची पोरे त्या पाहतात. नव्या पिढीला संस्कार नाहीत असे रडगाणे जे गृहस्थ माझ्याकडे येऊन गातात, त्यांनीच सणाला पडदा मागावा याचा मला राग आहे, आणि तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

तथापि त्यांचे दुःख खोटे आहे असे मला वाटत नाही. मी त्यांच्याशी नंतर एकेकटे बोललो. एकाने सांगितले ते नटांविषयी नव्हतेच. पाटलाच्या ओट्यावर भाड्याचा रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आला होता, वर्गणी दोन-दोन रुपये, आमच्या वस्तीतल्या पोरांना प्रथमच ओट्याखाली का होईना सर्वांबरोबर बसू दिले, मधेच वीज गेली आणि दोन तास सारे गाव अंधारात गप्पा मारत बसले, अशी ती आठवण होती. दुसऱ्याला आठवत होती शेजारी बसलेली आई, जी आता नाही. मग त्यासाठी सतरंजी टाका, दिवे घालवा, बसा गप्पा मारत! त्याला घोडे कशाला हवेत?

आणि खरोखरच धाडसाची गोष्ट पाहायची असेल तर आपल्या राज्यात एक चालू आहे, तिला तिकीट नाही. गावातील दारूचे दुकान बंद करायचे असेल तर बायकांना मतदान मागता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला यादीतील एकूण स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. म्हणजे जी बाई भीतीने घरी बसली तिचे मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखे आहे. येथे भाडोत्री शूर आणून भागत नाही. एकीच्या धैर्याने दुसरीचे काम होत नाही, प्रत्येकीला चुलीवरून उठून, नवऱ्याच्या समोरून चालत शाळेच्या खोलीपर्यंत जावे लागते. आमच्या एका वाडीत गेली दोन वर्षे याचे अर्ज भरून घेणे चालू आहे. पुढाकार घेणाऱ्या मावशी निरक्षर आहेत, अंगठा कोठे उठवायचा ते इतरांना बरोबर दाखवतात. सह्यांचे कागद त्या पिठाच्या डब्यात ठेवतात. एकदा कोणीतरी घरात शिरून कागद फाडले, त्यांनी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. सणासाठी जमलेल्या वर्गणीतून पडद्याचे भाडे दिले जाणार आहे, त्याच वर्गणीत या मावशींचे शंभर रुपये आहेत. त्यांना मी विचारले, सिनेमा दाखवावा का? त्या म्हणाल्या, "दाखवा की फादर, सगळ्या बाया एका जागी गावतील, राहिलेले अंगठे तिथंच घेते."

रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर समितीची बैठक आहे. मी विरोधात मत देणार आहे आणि बहुधा एकटाच असेन. ठराव मंजूर झाला तर सतरंज्या मीच अंथरीन आणि शाईचा पॅडही कार्यालयातून मीच नेऊन देईन.